ओटीवरून : पाहुणा दारात आला, पुढे काय?

गेल्या अंकात आपण विषय जाहीर केला होता, ‘घरी येणाऱ्याचं आगळंवेगळं स्वागत’. पत्रं भरपूर आली. तोरण कसलं लावू, रांगोळी कुठली काढू, टेबल कसं मांडू, असंच बहुतेकांनी विचारलंय. त्याची उत्तरं देतेच. पण माझं घर दापोली तालुक्यात. आम्ही घरगुती निवास-न्याहारी चालवतो. आमच्याकडे येणारी माणसं पाच-सहा तास गाडीत बसून, घाटाची वळणं खाऊन येतात. एखादं पोर ओकून ओकून मलूल झालेलं असतं, आजोबांचे पाय सुजलेले असतात, गाडी चालवणाऱ्याचा खांदा धरलेला असतो. त्यामुळे माझं सगळं स्वागत त्या माणसापासून सुरू होतं. तो कुठून आला, कसा आला, दारात पाऊल ठेवताना त्याला सगळ्यात आधी काय हवंय, हे एकदा कळलं की काय करायचं ते आपोआप सुचतं.

काकू, आम्ही डोंबिवलीत राहतो. घर वन आरके, माणसं चार. नवऱ्याच्या गावची मंडळी कोर्टाच्या, दवाखान्याच्या कामाला मुंबईत येतात आणि न कळवता दारात उभी राहतात. बसायला एकच दिवाण. त्यांना परकं वाटू नये आणि माझीही धावपळ होऊ नये, असं काही सुचवाल का? (एक वाचक, डोंबिवली पूर्व)

दवाखान्याच्या कामाला आलेला माणूस लोकलच्या गर्दीत उभा राहून आलाय आणि मनात धास्ती घेऊन आलाय. त्याला आधी मोरी दाखवा. धुतलेला नॅपकिन हातात द्या आणि “हातपाय धुऊन घ्या” म्हणा. लघवीला जायचंय हे परक्या घरात, त्यातही सुनेसमोर, गावाकडचा वयस्क माणूस तोंडाने सांगत नाही. तासभर तसाच अवघडून बसतो. मोरीकडे बोट दाखवलंत की त्याची सुटका होते.

मग गूळ-पाणी. पूर्वी उन्हातून आलेल्याला तांब्या-फुलपात्र आणि गुळाचा खडा मिळायचा, कारण चालून आलेल्याला त्याने लगेच तरतरी येते. आता गुळाचा खडा हातावर ठेवायला काहींना संकोच वाटतो. त्यांनी रविवारी अर्धा तास काढून मऊ पिवळा गूळ किसावा, त्यात भाजलेल्या तिळाचं कूट आणि चिमूटभर सुंठ घालून बोराएवढ्या गोळ्या वळाव्या आणि डबा भरून ठेवावा. महिनाभर टिकतात. कोणी आलं की वाटीत चार गोळ्या आणि माठातलं पाणी. उन्हाळ्यात माठात वाळ्याची जुडी सोडा. मुळ्या आधी स्वच्छ धुवा, फडक्यात बांधा, दोन-तीन दिवसांनी काढून उन्हात वाळवा आणि पुन्हा वापरा.

आता खाणं. अचानक आलेल्या पाहुण्याला आमच्याकडे दडपे पोहे. त्यासाठी खवलेला नारळ फ्रीजरमध्ये असू द्या आणि पातळ पोहे डब्यात. कांदा अगदी बारीक चिरायचा. परातीत कांदा, खोबरं, कोथिंबीर, हिरवी मिरची, मीठ, चिमूटभर साखर आणि लिंबू एकत्र करून हाताने चांगलं चुरडायचं. कांद्याला पाणी सुटतं, तेच पोह्यांना पुरतं. मग चाळलेले पोहे घालून हलक्या हाताने मिसळायचे. नारळाचं पाणी असेल तर त्याचा हबका मारायचा. वर ताट झाकायचं आणि ताटावर पाण्याने भरलेलं पातेलं ठेवायचं. वीस मिनिटं ते दडपून राहू दे. शेवटी मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता आणि शेंगदाण्यांची फोडणी, वर पोह्याचा पापड चुरलेला. ती वीस मिनिटं तुमच्याकडे काही काम नसतं. तेव्हा पाहुण्यासमोर बसा आणि डॉक्टर काय म्हणाले ते सगळं ऐकून घ्या. गावाहून आलेला माणूस चहाचा कप किती छान होता हे घरी जाऊन सांगत नाही, “सून बसून बोलली” हे सांगतो.

बसायला जागा नाही याची लाज बाळगू नका. दिवाण मोठ्या माणसासाठी मोकळा करा, बाकीच्यांना खाली सतरंजी आणि तिच्यावर गोधडी. आईच्या, आजीच्या लुगड्यांची गोधडी असेल तर तीच पसरा. ती कुठल्या साडीची, कोणी शिवली, इथून गप्पा सुरू होतात आणि गावच्या माणसाला त्या गोधडीवर घरच्यासारखं वाटतं.

काकू, मी 21 वर्षांचा आहे, पुण्यात राहतो. आई-बाबांच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला पाहुणे येणार आहेत. दारात रांगोळी मला काढायची आहे. पण लॉबीतल्या टाइल्स गुळगुळीत आहेत, रांगोळी पसरते आणि सकाळी झाडणारे मामा ती पुसून टाकतात. (एक वाचक, बाणेर)

अरे, एक जुना लाकडी पाट शोध. नसेल तर सुताराकडून दीड फूट बाय दीड फुटाचा प्लायवूडचा तुकडा आण. त्याला गेरू दोन हात लाव आणि पूर्ण वाळू दे. गेरूवर रांगोळी धरून राहते आणि पांढरी रेघ उठूनही दिसते. पाट दाराबाहेर भिंतीशी ठेव. सकाळी तो आत घेतला की मामांचं झाडण्याचं काम अडत नाही. त्यांना आदल्या दिवशी सांगून ठेव आणि वाढदिवसाचा पेढाही आधी त्यांना दे.

हात बसलेला नसेल तर ठिपक्यांपासून सुरुवात कर. जाड कागदावर सारख्या अंतराने खुणा कर आणि पेटत्या उदबत्तीने प्रत्येक खुणेवर भोक पाड. कागद पाटावर ठेवून वरून रांगोळी फिरवली की ठिपके एका ओळीत पडतात. मग रेघा जोडायच्या. रांगोळी चिमटीतून सोडताना हात जमिनीपासून दोन बोटं वर असू दे.

आता काय काढायचं? चैत्रांगण बघितलं आहेस का? आपल्या बायका चैत्रात दारी काढतात ते. त्यात झोपाळ्यातली गौर, सूर्य-चंद्र, शंख, तुळशीवृंदावन, हत्ती, गोपद्मं, पालखी अशी छोटी छोटी चित्रं शेजारी शेजारी मांडलेली असतात. तशीच आई-बाबांच्या पंचवीस वर्षांची चित्रं काढ. पहिली स्कूटर, भाड्याची पहिली खोली, तुझा पाळणा, बाबांच्या गावचं देऊळ, आईचं शिलाई मशीन, जे खरं असेल ते. येणारा प्रत्येक पाहुणा दारात थांबेल आणि “ही स्कूटर मला आठवते” म्हणेल. पणत्या मात्र पाटावर ठेवू नकोस. साड्यांचे पदर आणि ओढण्या तिथूनच जाणार. त्या बाजूला उंचावर ठेव.

काकू, दर वर्षी आमच्याकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू असतं. माझ्या मोठ्या जाऊबाईंचे यजमान दोन वर्षांपूर्वी गेले. तेव्हापासून त्या दिवशी त्या स्वयंपाकघरातून बाहेर येत नाहीत. मला त्यांना बाहेर बोलवायचंय, सगळ्यांसारखं त्यांचंही स्वागत करायचंय. सासूबाई जुन्या वळणाच्या आहेत, त्यांना दुखवायचं नाही. कसं करू? (एक वाचक, सांगली)

या महिन्यातलं हे सगळ्यात महत्त्वाचं पत्र आहे, म्हणून याला जागाही जास्त देते.

माझ्या आईला तरुणपणीच वैधव्य आलं. चैत्रात आमच्या आळीत जिथे हळदीकुंकू असेल तिथे डाळ वाटायला तिला बोलावणं यायचं. भिजवलेली हरभऱ्याची डाळ पाट्यावर भरड वाटायची, कैरी किसायची, वर हिंग-मोहरीची खमंग फोडणी. बायका जमल्या की ती माजघराच्या दाराआड उभी राहायची. बाहेर डाळीचं कौतुक चालायचं आणि वाटी भरून द्यायला आत तिच्याकडेच यायचे. त्यामुळे या बाबतीत मी मधलं काही सांगणार नाही. घरातल्या एका बाईला आत बसावं लागतं असा समारंभ माझ्या घरी होत नाही. तुमच्याकडेही होऊ नये असं मला मनापासून वाटतं.

तुमच्यापासून जवळच, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने मे 2022 मध्ये ग्रामसभेत ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. सासूबाईंशी बोलताना हे जरूर सांगा. शहरातल्या सुनेच्या डोक्यातून निघालेलं हे खूळ नाही, शेजारच्या गावाने सगळ्यांनी मिळून घेतलेला निर्णय आहे, हे ऐकल्यावर जुन्या माणसाचा ताण थोडा सैल होतो.

पण सासूबाईंच्याही आधी जाऊबाईंशी बोला. दुपारी दोघीच असताना विचारा. कुंकू लावलेलं त्यांना आवडेल का? गजरा? ओटी? काही जणींना सगळं हवं असतं, काहींना गजरा चालतो पण कुंकू नको वाटतं, काहींना नुसतं सगळ्यांत बसायचं असतं. जे म्हणतील ते. चारचौघींसमोर अचानक कपाळाला बोट लावायला जाऊ नका. त्यांना नको असेल तर तिथे “नको” म्हणणं त्यांच्यासाठी भयंकर अवघड होईल.

मांडणीतही थोडा बदल करा. एकेकीच्या कपाळाला कुंकू लावत ओळीने पुढे जायचं आणि एकीपाशी आलं की हात थांबवायचा, दुखतं ते तिथे. तेव्हा हळदीकुंकवाचा करंडा तबकात ठेवा, शेजारी छोटा आरसा ठेवा आणि तबक गौरीसमोर असू द्या. जिला हवं ती स्वतःच्या हाताने लावेल. चैत्रात मोगरा भरपूर असतो. दुसऱ्या तबकात गजरे ठेवा, तेही हाताने घ्यायचे. दारात आल्या आल्या प्रत्येकीच्या हातात पन्ह्याचा पेला द्या. कैऱ्या उकडून एक वाटी गर निघाला तर आंबटपणा बघून दीड ते दोन वाट्या गूळ, मीठ, वेलची, थोडं केशर. हा अर्क दोन दिवस आधी करून फ्रीजमध्ये ठेवा आणि आयत्या वेळी तिप्पट गार पाणी घाला. भिजवलेले हरभरे आणि काकडीही सगळ्यांना सारखीच.

एक काम सासूबाईंकडे द्या, ते म्हणजे अत्तर लावायचं. अत्तरदाणी घेऊन सगळ्यांच्या हाताच्या पाठीवर त्यांनीच अत्तर लावायचं, मागून तुम्ही गुलाबदाणी शिंपडायची. अत्तराला कुठलाही विधिनिषेध आड येत नाही. फिरता फिरता त्या मोठ्या सुनेपाशी येतील आणि तिचाही हात हातात घेतील. हे त्यांना आधी सांगून करा, गनिमी काव्याने नको. त्या नाही म्हणाल्या तर अत्तर तुम्ही लावा, पण जाऊबाईंची जागा बाहेर, बाकीच्यांबरोबर, सतरंजीच्या मधोमध असू द्या. कडेला दाराजवळ नको.

आमंत्रणाचा मजकूरही बदला. “सवाष्णींनी यावे” हे शब्द काढून टाका. “चैत्रगौरीच्या निमित्ताने पन्हं प्यायला या, घरातल्या सगळ्याजणी या” एवढं पुरे. तुमच्या आळीत अशा आणखी दोघीतिघी असतील. त्यांना फोनवर निरोप न देता स्वतः घरी जाऊन सांगा. इतक्या वर्षांत कोणी बोलावलेलं नसतं, निरोपावर त्यांचा विश्वास बसत नाही.

काकू, मी स्टुटगार्टला राहते. एप्रिलमध्ये इमारतीतल्या जर्मन शेजाऱ्यांना पहिल्यांदाच घरी बोलावलंय, बरोबर दोन लहान मुलंही येतील. इथे जिना झाडायची पाळी प्रत्येक घराकडे असते, केअरवोखे म्हणतात, आणि त्याबाबतीत लोक फार काटेकोर असतात. त्यामुळे दारात रांगोळी काढायची हिंमत होत नाही. ओवाळावं का? काय खायला द्यावं? (एक वाचक, जर्मनी)

अगं, वर बाणेरच्या मुलाला सांगितलेला पाट तुझ्याही उपयोगाचा आहे. फक्त तो दाराच्या आत ठेव. जिन्यावर एक कणही सांडणार नाही. आणि तो अर्धाच भर. रेघा तू काढून ठेव, रंग मुलांना भरू दे. वाट्यांमध्ये रंग आणि फुलांच्या पाकळ्या काढून ठेव. मोठ्यांची ओळखपाळख होईपर्यंत मुलांना कंटाळा येतो, तो वेळ छान जाईल.

ओवाळण्याबद्दल माझं मत असं की तबक तयार ठेव आणि विचार. निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी, अंगठी असं नेहमीचं तबक. “आमच्याकडे माणूस पहिल्यांदा घरी आला की असं करतात, चालेल का?” म्हण. हो म्हणाले तर सुपारी-अंगठी कशासाठी फिरवतो तेही सांग. कपाळाला हात लावून घ्यायला कोणी बिचकलं तर हातात एक फूल दे. धूप मात्र जाळू नकोस, घरातला धुराचा अलार्म वाजला तर सगळी इमारत गोळा होईल.

तिथे चारची वेळ दिली की माणसं चारलाच येतात. तेव्हा पावणेचारला गॅस बंद, केस विंचरलेले आणि तू दाराशी. एप्रिलमध्ये तुमच्याकडे गारठा असतो, म्हणून सरबताच्या भानगडीत पडू नकोस. छोट्या कपांतून कोकमाचं गरम सार दे. आमसुलं कोमट पाण्यात भिजवून कुस्करायची, पाणी गाळून त्यात गूळ, मीठ आणि तुपात जिरं-हिंगाची फोडणी, मिरची वगळ. आंबट-गोड, गरम आणि त्यांनी कधीच न चाखलेलं. कोकम म्हणजे काय हे दाखवायला दोन आमसुलं बशीत ठेव. खाण्याच्या प्रत्येक भांड्यापुढे चिठ्ठी लाव, ‘यात शेंगदाणे आहेत’, ‘यात दूध आहे’, ‘हे तिखट आहे’. लहान मुलांच्या आईला शेंगदाण्याची चिठ्ठी दिसली की ती निवांत बसते.

वडिलांच्या शाळेतले मित्र येणार आहेत. सगळे ऐंशीच्या घरात. काहीतरी खास करायचंय. (एक वाचक, नाशिक)

खास म्हणजे दाराशी एक खुर्ची. हात असलेली, भक्कम, चपला काढायला आणि घालायला. या वयात एका पायावर उभं राहून बूट काढणं म्हणजे पडण्याला आमंत्रण. उंबऱ्याजवळ दिवा लावा. सरकणारं पायपुसणं गुंडाळून ठेवा. बैठकीच्या खोलीत खोल गादीचे सोफे असतील तर जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या बाहेर आणा, सोफ्यातून उठताना म्हाताऱ्या माणसाला दुसऱ्याचा हात मागावा लागतो आणि ते त्यांना नको असतं. बाथरूम कोरडं ठेवा, आतून कडी लावू नका असं प्रेमाने सांगा, दारावर ‘आत कोणीतरी आहे’ अशी पाटी अडकवा. टीव्ही बंद. पंखाही जोरात नको, त्याच्या आवाजात कमी ऐकू येणाऱ्याला काही समजत नाही. खुर्च्या भिंतीला न लावता गोल मांडा, म्हणजे ओठ दिसतात.

आणि वर्गातला फोटो असेल तर तो मोठा छापून आणा, पेन जवळ ठेवा. कोण कुठे उभं आहे त्याची नावं त्यांनाच लिहू द्या. बाकी कार्यक्रम ठरवू नका.

मधुमेह असलेल्या पाहुण्याला गोडाचा आग्रह किती करावा? आणि निरोप देताना काय द्यावं? (दोन वाचकांचे प्रश्न एकत्र, अकोला आणि मडगाव)

गोडाचा आग्रह अजिबात करू नका. त्यांच्यासाठी वेगळं ताट करून “हे तुमचं शुगरवाल्यांचं” असंही म्हणू नका, सगळ्यांच्या पानात दोन चांगल्या तिखटामिठाच्या गोष्टी वाढा. सोलकढी, भरली वांगी, काकडीची कोशिंबीर यांचा आग्रह हवा तेवढा करा.

निरोपाला दूरच्या प्रवासाला निघालेल्याच्या हातावर दही घालायची आपली पद्धत चांगली आहे, ती ठेवा. त्याशिवाय गाडीत लागणारं काहीतरी बांधून द्या. घाट उतरून-चढून जाणाऱ्यांना आम्ही आलेपाकाच्या वड्या आणि आवळासुपारीची पुडी देतो, मुलांसाठी दोन रिकाम्या कागदी पिशव्या. मडगावच्या ताई, तुमच्याकडून रात्रीच्या गाडीने मुंबईला निघणाऱ्यांना पोळी-भाजीचा डबा द्या आणि डबा परत करायची अट घालू नका. गाडी सुटली का, पोचलात का, हा फोन दुसऱ्या दिवशी तुम्हीच करा.

पुढच्या अंकासाठी विषय घेऊ पावसाळ्यातल्या पाहुण्यांचा. ओल्या छत्र्या, चिखलाचे पाय, वाळत नसलेल्या गाद्या आणि रस्ता बंद झाल्यामुळे अडकून पडलेली माणसं. पत्र पाठवताना घर केवढं आहे आणि घरात कोण कोण आहे ते जरूर लिहा, त्याशिवाय उत्तर नीट देता येत नाही.